कड्या तपासणाऱ्या पोरी

नागपूर जिल्ह्यातल्या गावांत बचत गटाच्या बैठकींना फिरताना आम्हाला आया विचारतात, "ताई, पोरगी म्हणते हॅकिंग शिकायचं. म्हणजे चोरीच ना?" प्रश्न रास्त आहे. पण आधी पुण्याच्या एका बँकेची गोष्ट ऐका.

कॉसमॉस सहकारी बँक 1906 सालची जुनी बँक. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे 78 कोटी रुपये निघाले. आपल्या देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. सोमवारी जवळपास 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण 94 कोटींच्या वर, आणि तिजोरीला कुणी हातही लावला नाही.

कसं झालं? एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, पैसे देऊ का? चोरांनी बँकेच्या जाळ्यात घातक प्रोग्राम घुसवला आणि उत्तर देणाऱ्याच्या जागी आपला माणूस बसवावा तशी खोटी यंत्रणा बसवली. आपल्या गटात कर्जाची मागणी आली की सचिव वही उघडते, शिल्लक बघते, मग हो म्हणते. समजा, तिच्या खुर्चीत तिच्यासारखंच लुगडं नेसून दुसरीच बाई बसली आणि वही न उघडता प्रत्येकीला "द्या, द्या" म्हणत सुटली! वही मात्र जागेवर जशीच्या तशी. म्हणून तर ग्राहकांच्या खात्यांतून काही गेलं नाही, गेले ते बँकेचे पैसे, असं बँकेनं सांगितलं.

अशी खोटी बाई खुर्चीत बसू शकते का, हे चोराच्या आधी जो शोधतो तो एथिकल हॅकर. मालकाची लेखी परवानगी घेऊन तो दारं ढकलून बघतो, कुठली कडी सैल आहे ते लिहून देतो आणि दुरुस्ती सुचवतो.

परवानगी हा शब्द मुलींच्या वहीत पहिल्या पानावर हवा. शेजाऱ्याचं वायफाय गंमत म्हणून उघडून बघणंही चालत नाही. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं विनापरवानगी दुसऱ्याच्या कंप्युटरमध्ये शिरलं तर भरपाई द्यावी लागते, आणि हेतू खोटा असेल तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शिकायला इंजिनिअरच व्हायला पाहिजे असं नाही. "एका दिवसात हॅकर व्हा" म्हणणाऱ्या जाहिरातींना मात्र पैसे देऊ नका बाई. आधी नेटवर्क समजून घ्यायचं: फोनपासून राऊटर, राऊटरपासून बाहेरचं जग, माहिती कशी जाते. एका कंप्युटरला 65 हजारांवर दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. कुठली उघडी आहेत ते दाखवणारा एनमॅप हा प्रोग्राम 1997 पासून फुकट मिळतो. सराव आपल्याच जुन्या कंप्युटरवर करायचा.

आमच्या प्रभागसंघाच्या ऑफिसात बायांच्या आधारच्या प्रती, पासबुकं, कर्जाच्या याद्या असतात. शिकणाऱ्या दोन मुलींनी अध्यक्षांच्या सहीचं पत्र घेतलं आणि राऊटर उघडला. वायफायला 11 यंत्रं जोडलेली निघाली. आपली 9. उरलेले दोन फोन समोरच्या चहाच्या टपरीवरचे! बिचाऱ्यांना कुणीतरी कधीकाळी पासवर्ड दिला होता. राऊटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड तर कंपनीनं दिलेलाच, "ॲडमिन". दोन्ही पासवर्ड बदलले, राऊटरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढून दिलं. टपरीवाले दादा आता त्यावर आहेत. खर्च शून्य, वेळ एक दुपार.

हे ऐकून ग्रामपंचायतीनंही बोलावलंय. पत्र हाती आल्याशिवाय कंप्युटरला हात लावणार नाही, असं मुलींनी सरपंचताईंना कळवलं आहे.