पेशंटलाच विचारा

ऑपरेशन ठरलं की दवाखान्यात पहिली हाक येते, "पेशंटबरोबर कोण आहे?" मग नवरा, मुलगा नाहीतर जावई पुढे होतो आणि दाखवलेल्या जागी सही करतो. ज्याच्या पोटावर सुरी चालायची, तो माणूस शेजारीच खाटेवर चांगला शुद्धीवर असतो. त्याला कोणी काही विचारत नाही.

1995 साली दिल्लीत असंच घडलं. 44 वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळीच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीने पोटाची तपासणी करायचं ठरलं, त्या कागदावर तिने सही केली. भूल दिल्यावर आतला आजार बराच वाढलेला दिसला. सहायक डॉक्टर बाहेर आल्या, तिथे बसलेल्या आईची सही घेतली, आणि गर्भाशय, बीजांडकोश, नलिका सगळं काढून टाकण्यात आलं. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी निकाल दिला. डॉक्टरांचा हेतू चांगला होता हे मान्य केलं, तरीही नुकसानभरपाई द्यायला लावली आणि त्या ऑपरेशनची फी नाकारली. रक्कम फक्त 25 हजार रुपये. एवढ्या मोठ्या गोष्टीला ती फारच थोडी होती.

पैठणी फॉल-पिकोला टाकली आणि शिंप्याने ती कापून ड्रेस शिवला, तर? तो म्हणेल, पैठणी विरत चालली होती, आज ना उद्या फाटलीच असती. म्हणेल, तुमच्या आईंना विचारलं होतं. ड्रेस सुरेख बसत असेल, तरी पैठणी ज्या बाईची, तिला विचारायला हवंच होतं. दुकानात साडीला आग लागली, तर त्याने न विचारता पाणी ओतावं, त्यावर कोणी भांडणार नाही. दिल्लीत मात्र आग लागलेली नव्हती. तिला शुद्धीवर येऊ द्यायचं, काय दिसलं ते सांगायचं आणि मग विचारायचं, एवढा अवधी नक्की होता.

पुन्हा सांगायला हवं, कारण नेमकं हेच निसटतं: सज्ञान पेशंट भुलीखाली आहे म्हणून त्याचा हक्क आईकडे किंवा नवऱ्याकडे जात नाही. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. आणि तपासणीला दिलेला होकार म्हणजे अवयव काढायला दिलेला होकार नव्हे.

महाराष्ट्राने या निकालातून काय घेतलं? 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा 82 हजारांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल अशी भीती घातल्याचं कित्येकींनी सांगितलं. अंगठा त्यांचाच होता. पण औषधाने भागलं असतं का, पुढे काय त्रास होतील, हे कळल्याशिवाय उठवलेल्या अंगठ्याला संमती कसं म्हणायचं? दिल्लीच्या त्या निकालात न्यायालयाने तर यादीच दिली आहे: ऑपरेशन कशाचं, फायदा काय, दुसरा उपाय आहे का, मोठे धोके कोणते, आणि नाही केलं तर काय होईल.

नवऱ्याच्या सहीचं तर विचारूच नका. गर्भपाताच्या 1971च्या कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. तरीही नवऱ्याला घेऊन या, असं सर्रास सांगितलं जातं. 

तेव्हा डॉक्टरमंडळींना विनंती, स्ट्रेचरवर घेतल्यावर नको, आदल्या दिवशी खाटेशेजारी बसून पेशंटच्या भाषेत त्याच्याशीच बोला. आणि नातेवाइकांनो, तुमच्यापुढे फॉर्म आला की पेन हातात घेण्याआधी म्हणा, "डॉक्टर, आधी तिला विचारा."