बंगळूर : पाहण्याची ठिकाणे आणि जाण्याची ठिकाणे



शहर पाहावयास आलेल्या पाहुण्याची यादी आणि त्याच शहरात आयुष्य काढलेल्या रहिवाशाची यादी, या दोन याद्या क्वचितच जुळतात. बंगळूरला आलेला पाहुणा विधानसौध पाहतो, कब्बन उद्यानाच्या कडेची तांबडी ‘अठरा कचेरी’ पाहतो, लालबागेतील काचगृहासमोर छायाचित्र काढून घेतो आणि म्हैसूरच्या वाटेला लागतो. या वास्तू पाहण्यासारख्या आहेत, यात शंका नाही. परंतु रहिवाशाला त्याचे आवडते ठिकाण विचारले, तर तो बहुधा गांधी बझारातील एखाद्या उपाहारगृहाचे नाव घेईल, मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवरील फुलवाल्यांची रांग सांगेल, किंवा लालबागेतील तो उघडा खडक, जेथे पहाटे फिरावयास आलेली मंडळी घटकाभर टेकतात. पहिली ठिकाणे पाहण्याची, दुसरी जाण्याची. बंगळुरात काय टिकले आणि काय नाहीसे झाले, याचा विचार करू लागल्यास हा भेद फार उपयोगी पडतो.

लालबागेतील खडकाचेच पाहा. हा नीस जातीचा दगड सुमारे तीन अब्ज वर्षांचा आहे; हैदर अलीने १७६० च्या सुमारास शेजारी बाग लावली, तेव्हाही तो तितकाच जुना होता. त्याच्या माथ्यावर केंपेगौडा घराण्याने बांधलेला एक लहानसा मनोरा आहे. असे चार मनोरे चार दिशांना आहेत आणि शहर त्यांच्यापलीकडे वाढू नये, असा संकेत होता, ही दंतकथा बंगळुरात सर्वांच्या तोंडी असते. आज चारही मनोरे शहराच्या पोटात आहेत. संकेत कोणी पाळला नाही, याचे कोणाला फारसे वाईट वाटलेलेही दिसत नाही.

पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये मातीचा कोट घालून पेठ वसवली, तेव्हा त्याच्यापुढे मोठा प्रश्न पाण्याचा होता. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील या पठारावर मोठी नदी नाही. पावसाचे पाणी उतारावर अडवावे, एक तळे भरले की त्याचे सांडपाणी खालच्या तळ्यात जावे, अशी तळ्यांची साखळी बांधणे एवढाच उपाय होता. केंपेगौडा, त्यांचे वंशज आणि त्यांच्यानंतरचे सत्ताधीश यांनी तो केला. तळ्याला कन्नडमध्ये ‘केरे’ म्हणतात. तळ्याकाठी धोबी, कुंभार, माळी यांची वस्ती असे. जनावरे पाण्यावर येत. उन्हाळ्यात गाळ उपसून शेतात टाकला जाई. तळे हे पाहण्याचे ठिकाण नव्हतेच. तेथे जावेच लागे.

मग पाणी दुरून येऊ लागले. १८९० च्या दशकात हेसरघट्ट्याहून, १९३० च्या दशकात तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयातून आणि १९७४ पासून तर सुमारे शंभर किलोमीटरांवरच्या कावेरीतून, पंपांनी वर चढवून. नळाला पाणी आल्यावर तळ्याकडे जाण्याचे कारण उरले नाही. उरले ते डास आणि दुर्गंधी. नगररचनाकारांच्या लेखी तळे म्हणजे शहराच्या मध्यभागी आयती मिळालेली मोकळी सपाट जमीन. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मध्यवर्ती बसस्थानक आहे. संपंगी तळ्यात कंठीरव क्रीडांगण उभे राहिले, अक्कितिम्मनहळ्ळीच्या तळ्यात हॉकीचे मैदान आणि चल्लघट्ट्याच्या तळ्यात गोल्फचे. बसस्थानकावर रोज येणाऱ्या लक्षावधी प्रवाशांपैकी आपण तळ्याच्या तळाशी उभे आहोत हे किती जणांना ठाऊक असेल? पाण्याला मात्र ते ठाऊक आहे. २०२२ च्या सप्टेंबरात पूर्वेकडील नव्या वसाहतींत पाणी शिरले आणि संगणक-कंपन्यांतील नोकरदारांना ट्रॅक्टरांतून व नावांतून बाहेर काढावे लागले. साखळीतील जुने ओढे जेथे बुजवले गेले होते तेथे पाण्याने आपली वाट पुन्हा शोधली. जी तळी उरली त्यांचीही स्थिती बरी नाही. बेळ्ळंदूर तळ्यावरील मैल्याच्या फेसाची आणि २०१७ मध्ये त्याच तळ्याला लागलेल्या आगीची छायाचित्रे देशभर पाहिली गेली.

संपंगी तळे मात्र सगळे गेले नाही. क्रीडांगणाच्या कुशीत त्याचा एक चौकोनी तुकडा, एक लहानसे कुंड, अद्याप आहे. ते कोणी सौंदर्यासाठी राखलेले नाही. तिगळ ही बंगळुरातील माळीकाम करणारी जुनी जमात. या तळ्याच्या पाण्यावर त्यांचे मळे पिकत. त्यांचे दैवत द्रौपदी आणि मंदिर तिगळरपेठेतील धर्मरायस्वामींचे. दरवर्षी चैत्र पौर्णिमेच्या रात्री ‘करग’ निघतो. स्त्रीवेष केलेला पुजारी मस्तकावर फुलांचा उंच मुकुट तोलीत पेठेतून फिरतो, सभोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार चालतात आणि मिरवणूक तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यापाशीही थांबते. या उत्सवातील काही विधी संपंगीच्या पाण्यावरच व्हावे लागतात. मळे गेले, तळे गेले, पण विधीला पाणी हवे. म्हणून तेवढे पाणी राखावे लागले. जमिनीच्या भावाने ज्याची पर्वा केली नाही, त्यापुढे एका वार्षिक रात्रीने हात आडवा धरला. हा विजय फार लहान आहे, हेही खरेच. कुंडाकडे पाहून तळ्याची कल्पना येत नाही.

बसवनगुडीची शेंगदाण्यांची जत्रा, ‘कडलेकाई परिषे’, याच जातीची. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी एकाच दगडातून घडवलेल्या भव्य नंदीच्या मंदिराभोवतीचे रस्ते भुईमुगाच्या राशींनी भरून जातात. शेतातला भुईमूग खाणाऱ्या बैलाची आणि केंपेगौडाने बांधलेल्या मंदिराची कथा सांगितली जाते. भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आलेला आहे हे ध्यानात घेतल्यास सोळाव्या शतकाशी तिची सांगड घालणे अवघड जाते. पण पावशेर शेंगा घेऊन रस्त्याने फोडीत जाणाऱ्यांना त्याचे काय? नव्या शेंगा आणल्या की प्रथम नंदीला, मग घरी, एवढे त्यांना पुरेसे असते.

उपाहारगृहांबद्दल थोडक्यात सांगावयाचे तर, बंगळूरकर इमारतीवर प्रेम करीत नाही, टेबलावर करतो. गांधी बझारातील ‘विद्यार्थी भवन’ १९४३ पासून डोसे वाढीत आहे आणि लोक अजून दाराबाहेर ताटकळतात. एक कॉफी दोघांत वाटून घेण्याच्या ‘बाय-टू’ पद्धतीत काटकसर किती आणि गप्पांची सोय किती, हे ठरवणे कठीण. महात्मा गांधी रस्त्यावरील ‘इंडिया कॉफी हाऊस’ २००९ मध्ये जागा सोडून चर्च स्ट्रीटवर गेले, तेव्हा नेहमीचे गिऱ्हाईकही मागोमाग तेथे जाऊन बसू लागले. नव्या भिंती कोणाला आड आल्या नाहीत. तळ्याला असे उठून दुसरीकडे जाता येत नाही.

अठरा कचेरीची गोष्ट थोडी निराळी आहे. १८६८ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत पुढे उच्च न्यायालय आले. १९८० च्या दशकात ती पाडण्याचा बेत झाला, तेव्हा नागरिकांनी न्यायालयाकडे दाद मागितली आणि त्या प्रकरणाची सुनावणी त्याच इमारतीत झाली. इमारत वाचली. ती नुसती सुंदर असती आणि रिकामी असती तर असे घडले असते काय, असा प्रश्न मनात येतो.

मराठी श्रोत्याला मल्लेश्वरम विशेष जवळचे वाटावे. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. बालपणी शिवाजीराजेही काही काळ येथे राहिले, असे इतिहासकार मानतात. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. भोसल्यांच्या या अर्धशतकाची बंगळुरात डोळ्यांना दिसणारी खूण फारशी उरलेली नाही. काडु मल्लेश्वर मंदिराचा १६६९ चा शिलालेख मात्र आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी देवस्थानास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचे त्यात नमूद आहे. ‘काडु’ म्हणजे रान. ज्या रानातल्या देवाला हे दान मिळाले, त्याच्या नावानेच पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मल्लेश्वरम ही वसाहत आखली गेली. १८९८ च्या प्लेगच्या साथीनंतर पेठेतील दाटीतून लोक येथे राहावयास आले.

या मंदिरासमोर रस्त्यापलीकडे एक मोकळी, मातीने भरलेली जागा होती. तेथे बांधकाम होऊ नये असे स्थानिक लोकांना वाटत होते, कारण तिच्याखाली काही तरी आहे असे वडीलधारी मंडळी सांगत. १९९७ मध्ये ती जागा खणली गेली. मातीखाली पायऱ्यांची पुष्करिणी निघाली, तिच्या काठी दक्षिणाभिमुख नंदी आणि त्याच्या मुखातून खालच्या शिवलिंगावर पडणारी पाण्याची धार. ही धार आजही चालू आहे. सायंकाळी बाजारातून परतणारी माणसे भाजीची पिशवी पायरीवर ठेवतात, ओंजळीत ते पाणी घेतात, डोळ्यांना लावतात आणि घरी जातात.