सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही



रात्री टोमॅटोचे क्रेट भरून गाडी अंगणात उभी केलेली आहे. पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात माल उतरवायचा आहे. किल्ली फिरवली, सेल्फ घरघर फिरतोय, पण इंजिन काही धरत नाही. अशा वेळी माणूस काय करतो? सेल्फ मारतच राहतो आणि बॅटरी बसवतो. मग एका दुखण्याची दोन होतात. तेव्हा पहिले पथ्य हे, की एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि मध्ये मिनिटभर तरी थांबा.

डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या गाडीसारखा प्लगचा स्पार्क नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती चांगली तापते, आणि तीत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा बसला की तो आपोआप पेटतो. म्हणजे तापलेली हवा आणि वेळेवर फवारा, एवढ्या दोनच गोष्टी. यातली कोणती अडली, ते धूर सांगतो. म्हणून एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून सायलेन्सरकडे बघावे. गिअर मात्र न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला.

धूर मुळीच नाही? मग डिझेल इंजिनात पोहोचतच नाही. आधी टाकीत काडी घालून बघा. काट्यावर विश्वासू नका. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक चिखलाने बुजले असेल तर झाकण सैल करून बघा. मग इंजिन बंद करायची दोरी. हसू नका. माझ्याच टेम्पोचा पंप एका गॅरेजवाल्याने उतरवायला काढला होता. शेवटी निघाले काय, तर दोरी गंजून ओढलेलीच राहिली होती आणि पंपावरचा दांडा मागे आलाच नव्हता. दोन थेंब तेलाचे काम!

हे सगळे ठीक असेल तर समजा, नळीत हवा शिरली. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की असे होतेच. हवा काढायची ती अशी: फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि फीड पंपावरचा हातपंप मारत राहा. आधी फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबून सरळ धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूची तीच रीत. तरी धरले नाही तर नोझलकडच्या नळ्यांचे नट अर्धा-एक आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल आले की आवळा. त्या धारेला बोट लावू नका. दाबाखालचे डिझेल कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येते. तसे झाले तर तडक दवाखाना गाठा. आणि विडी-काडी लांब ठेवा.

हवा काढली, गाडी चालली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, असे होत असेल तर टाकी ते फीड पंप ही नळी तपासा. इथे डिझेल ओढले जाते, त्यामुळे चिरेतून डिझेल गळेलच असे नाही. हवा मात्र आत जाते. खाली ओल दिसत नाही म्हणून माणूस फसतो. जुने वॉशर बदला, रबरी नळी वाकवून बघा.

पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. थंडीत बॅटरी अशक्त असली की सेल्फ हळू फिरतो आणि हवा तापत नाही. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुऊन पकडी घट्ट करा. हीटर प्लग असतील तर ते तापू द्या. डिझेलमध्ये पाणी असले तरी असेच होते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून थोडे बाटलीत घ्या, पाणी खाली बसलेले दिसेल. पिंपातले डिझेल हलवून लगेच ओतायची सवय आपल्याकडे फार. रात्रभर बसू द्यावे आणि तळचे चार बोटे सोडून द्यावे. सेल्फ जोरात फिरूनही पांढराच धूर असेल तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशनचे दुखणे; ते मिस्त्रीचे काम.

काळा धूर आला तर एअर फिल्टर काढून झटका. उसाच्या फडातून आलेल्या गाडीत तो पाचटाच्या धुळीने गच्च झालेला असतो.

हे सारे साध्या पंपाच्या जुन्या ट्रक-टेम्पोला आणि ट्रॅक्टरला लागू. २०२० नंतरच्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत कॉमन रेल असते. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, म्हणून त्या नळ्यांना पाना लावूच नका. डिझेल, बॅटरी, फ्यूज एवढे बघा आणि मिस्त्रीला बोलवा. तोवर क्रेट शेजाऱ्याच्या गाडीत चढवा. टोमॅटो काही मिस्त्रीची वाट बघत नाहीत.