सदऱ्यावरील घोषणा आणि शिक्षक
(विंचूर, ता. निफाड, येथे प्राथमिक शिक्षकांपुढील भाषणाचा सारांश)



विंचूरसारख्या बाजारपेठेच्या गावी एखाद्या पालकाने दुसऱ्या समाजास डिवचणाऱ्या घोषणेचा सदरा घालून मुलास शाळेत धाडले, तर शिक्षकाने काय करावे? संविधानाच्या कलम १९ ने नागरिकांस अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था व सभ्यता यांसाठी वाजवी निर्बंधांची तरतूदही त्याच कलमात आहे.

अमेरिकेत १९६५ साली व्हिएतनाम युद्धाविषयी काळी फीत बांधून आलेल्या मुलांना शाळेने घरी पाठविले. अध्यापनात व्यत्यय आला नव्हता, म्हणून १९६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा पक्ष मान्य केला. केरळात १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढले गेले. धर्मश्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत गात नसत, मात्र आदराने उभी राहत. १९८६ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्यास सांगितले.

तेव्हा मत अप्रिय आहे एवढ्यावरून बंदी नको. तंटा माजेल अशी घोषणा मात्र वर्गात नको. पण ती घोषणा निवडली पालकाने. दंड बालकास का? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. मुलास वर्गापुढे उभे करू नये. शांतपणे दुसरा सदरा द्यावा, पाठ चालू ठेवावा आणि मुख्याध्यापकांनी पालकाशी एकांतात बोलावे. गणवेशाचा नियम असेल, तर तो सर्वांस सारखा लावावा.