बसणे कुणाचे चुकते?
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समोर बाप्पा विराजमान आहेत. एकाच आसनात ते दहा दिवस बसतील. आपल्याला मात्र ते जमणारे नाही, तरीही आपण बंगळुरूला येऊन रोज आठ-नऊ तास संगणकासमोर तेच करायला बघतो!

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कार्यालयांत जाऊन लोकांची बसण्याची पद्धत तपासणे हे माझे काम. मी वही घेऊन उभी राहिले की सगळे ताठ बसतात. म्हणून परवानगी घेऊन मी बाजूला थांबते. वीसेक मिनिटांत माणूस कामात बुडतो आणि मग त्याचे खरे बसणे दिसते. तेव्हा बाजूने छायाचित्र घेते आणि गुण देते.

यासाठी 1993 साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या लिन मॅकअ‍ॅटॅमनी आणि नायजेल कॉर्लेट यांनी मांडलेली ‘रुला’ पद्धत प्रसिद्ध आहे. दंड, कोपर, मनगट, मान, पाठ यांच्या कोनांवरून 1 ते 7 गुण मिळतात. परीक्षेच्या उलट, इथे कमी गुण चांगले! 1-2 असतील तर ठीक, 7 असतील तर ताबडतोब बदल हवा.

आता माझीच एक चूक सांगते. एका कार्यालयात हिशेब विभागातले पन्नाशीचे एक गृहस्थ होते. त्यांची मान दुखायची. ‘स्क्रीनचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीत हवा’ या नियमाप्रमाणे मी स्क्रीनखाली कागदाची दोन रिमे ठेवली आणि समाधानाने निघाले. आठवड्याने पुन्हा गेले, तर दुखणे वाढलेले. ते म्हणाले, “मॅडम, माझंच बसणं चुकत असणार.”

मला ते वाक्य लागले. मी पुन्हा नीट पाहिले. त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह होता. जवळचे वाचायचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो, म्हणून उंच स्क्रीन वाचताना ते हनुवटी वर करून मान मागे झुकवत होते. रुलामध्ये मान पुढे 20 अंशांहून जास्त वाकली तर 3 गुण मिळतात, मागे झुकली तर 4. त्यांची मान मीच बिघडवली होती! रिमे काढली, स्क्रीन खाली आणून किंचित मागे कलता केला. पुढे त्यांनी संगणकासाठी वेगळा चष्मा करून घेतला. दुखणे कमी झाले.

मित्रहो, त्या दिवसापासून मी ‘नीट बसा’ म्हणणे सोडले. आधी विचारते, असे का बसावे लागते? पाय टेकत नाहीत म्हणून बाई खुर्चीच्या कडेला सरकते. माउस लांब म्हणून खांदा पुढे जातो. लॅपटॉपला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेले, त्यामुळे एक सोयीचे केले की दुसरे गैरसोयीचे होते. दोष माणसाचा नसतो, मांडणीचा असतो. पण माणूस स्वतःला दोषी समजतो, ‘कामात कमी पडतो’ असे कुणी म्हणेल म्हणून दुखणे लपवतो, आणि तोवर ते जुने होते.

घरी एवढे करा. अर्धा तास काम झाल्यावर कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेत का? गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा आहे का? कोपर अंगाजवळ आणि खांदे सैल आहेत का? मान कुठे झुकली आहे? लॅपटॉप पुस्तकांवर ठेवून कीबोर्ड आणि माउस वेगळे जोडा. पण चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर माझी चूक आठवा!

आणि कितीही उत्तम खुर्ची असली, तरी अर्ध्या तासाने उठा. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल होत असेल, तर खुर्ची बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी मान चोळताना दिसला, तर त्याला ‘ताठ बस’ म्हणू नका. त्याच्या खुर्चीत दोन मिनिटे बसून पाहा.

आता आरतीची वेळ झाली. चला, सगळे उठू या! गणपती बाप्पा मोरया!