मेलेल्या सीलला पाणी



पहिल्या दोन रांगांत मला चारपाच तुळशीच्या माळा दिसताहेत, आणि मी बोलणार आहे शिकारीवर. पत्रिकेत 'शिकार आणि अध्यात्म' असा विषय छापलेला पाहिला, तेव्हाच मला धास्ती वाटली होती. आपल्याकडे या दोन शब्दांचं फारसं सख्य नाही. आदिकवीचा पहिला श्लोक पारध्याला दिलेल्या शापातून जन्मला. महाभारतातला धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो हे खरं. पण ती गोष्ट नीट वाचा. तो मांस विकतो, जनावर मारत नाही, आणि मांस खातही नाही. व्याधाला गुरू करतानासुद्धा आपण आधी त्याच्या हातातलं हत्यार काढून घेतलं!

म्हणून आज तुम्हाला लांब नेतो. अलास्काच्या नैर्ऋत्येला, युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्या जिथे बेरिंग समुद्राला मिळतात, तिथे युपिक लोक राहतात. पेरायला शेत नाही, वर्षातले कितीतरी महिने बर्फ. पोटात जायचं ते मासे, पक्षी आणि सील. पूर्वी अंगावरचं कातडं आणि दिव्यातलं तेलही सीलचंच. मारल्याशिवाय जगणं नाही, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मारलेल्याचं देणं कसं फेडायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न.

सील घरी आला की घरची बाई त्याच्या तोंडाला गोडं पाणी लावायची. जन्म खाऱ्या पाण्यात गेला, बिचारा तहानेला असणार. कॅनडाकडचे इन्युइट शिकारी तर बर्फ तोंडात धरून वितळवत आणि ते पाणी सीलच्या तोंडात सोडत. आपण माणसाचा प्राण जाताना तोंडात गंगाजळ घालतो. इथे प्राण आपणच घेतलाय आणि पाणीही आपणच पाजतोय. हे ढोंग आहे का? मी बरेच दिवस ढोंगच समजत होतो.

मत बदललं ते त्यांच्या एका सणाबद्दल वाचल्यावर. एडवर्ड नेल्सन नावाचे हवामान-निरीक्षक १८७७ ते १८८१ या काळात अलास्कातल्या सेंट मायकेलला होते. त्यांनी हा सण पाहिला आणि १८९९च्या ग्रंथात तो नोंदवून ठेवला. युपिकांच्या मते प्रत्येक जिवात त्याचा 'युआ' असतो. शब्दशः अर्थ 'त्याच्यातला माणूस'. सीलवर घाव बसला की हा युआ मूत्राशयात जाऊन बसतो. म्हणून वर्षभरात मारलेल्या प्रत्येक सीलचं मूत्राशय जपून ठेवायचं. ऐन हिवाळ्यात, दिवस सर्वांत लहान असतो त्या सुमारास, ती सगळी फुगवायची, रंगवायची आणि पुरुषांच्या सामुदायिक घरात, कासगिकमध्ये, टांगायची. पुढचे काही दिवस ती पाहुणी. त्यांना अन्नपाणी दाखवायचं, गाणी म्हणायची, रानवनस्पतीची धुरी द्यायची. धडाधडा आवाज करायचा नाही, पाहुणा दचकेल. त्यांना एकटं सोडायचं नाही. शेवटी छताच्या झरोक्यातून बाहेर काढून, बर्फाला पाडलेल्या भोकाशी नेऊन, फोडून पाण्यात सोडायची. विसर्जन म्हणजे पुन्हा येण्याचं आवतण, हे गणपतीवाल्यांना मी काय सांगणार?

युपिकांची एक कथा आहे. एका मुलाला वर्षभर सीलांच्या घरी राहायला धाडतात. समुद्राखाली त्यांचंही कासगिक असतं, त्यांच्यातही म्हातारेकोतारे असतात. तिथून तो माणसांकडे सीलच्या डोळ्यांनी बघायला शिकतो. कुणाच्या घरी जावं, कुणाच्या नाही, हे सील ठरवतात. म्हणून युपिक पोरांना दारापुढचा बर्फ काढायला आणि पाणवठ्याचं भोक मोकळं ठेवायला सांगत. ती वाट सीलचीही असते. शिकारी कोण होणार हे फावड्यावर ठरायचं, भाल्यावर नंतर.

शिकारीत काही साधना असेलच, तर ती मला इथे दिसते. दबा धरून बसणं, श्वास रोखणं, वाऱ्याची दिशा ओळखणं यात एकाग्रता असते, नाही कोण म्हणतो? ती खिसेकापूतही असते. जीपमधून बंदूक रोखून, मग मुंडकं दिवाणखान्यात लावून 'निसर्गाशी एकरूप झालो' म्हणणाऱ्याचं मला हसू येतं. त्याच्याकडे कुणी पाहुणा येत नाही. तो कुणाचं काही लागत नाही.

पण युपिकांना एकदम ऋषी करू नका. आपण होऊन पुढे आलेल्या जनावराला नाकारणं हा त्यांच्याकडे अपमान. आणि नीट पाठवणी केलेला सील परत येतोच, अशी श्रद्धा असेल तर सील संपतील ही शंका कुठून येणार? अशा श्रद्धांनी जनावरं राखली की नाही, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला तो वाद खरा वाटतो. हे संवर्धनशास्त्र नव्हतं, पाहुणचार होता.

१८८५मध्ये युपिकांच्या मुलखात, बेथेलला, ख्रिस्ती मिशन उभं राहिलं. मिशनऱ्यांच्या विरोधामुळे पुढे सण हळूहळू थांबला. सीलची शिकार थांबली नाही. १९७२ साली अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा अलास्काच्या किनाऱ्यावरच्या मूलनिवासींसाठी त्यात दार ठेवलं गेलं: पोटापुरतं मारा, नासाडी नको.

त्याच १९७२मध्ये आपल्याकडेही वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता. पण फासे लावून शिकारीवर जगणाऱ्या आपल्या फासेपारध्याला तसं दार कुणी ठेवलं नाही. त्याच्यावरचा, १८७१च्या कायद्याने सुरू झालेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ला कागदावरून पुसला होता, गावाच्या मनातून नव्हता. वीस वर्षांनी त्याचा धंदाच गुन्हा ठरला. तित्तिराचा हुबेहूब आवाज काढणारा तो गळा, गवतातली पायवाट वाचणारा तो डोळा, यांचं काय करायचं हे कोणत्या कलमात लिहिलेलं नव्हतं.

अकोला-वाशीमच्या बाजूला काही फासेपारधी आता तणमोर राखतात. पावसाळ्यात या पक्ष्याचा नर उंच गवतातून उभा उसळी मारतो, पंख फडफडवतो, आणि पुन्हा गवतात बुडतो. मादीला दिसावा म्हणून. पूर्वी तो फासे लावणाऱ्यालाही तसाच दिसायचा. आता तेच लोक गवताच्या कडेला बसून तो कुठे उसळतोय ते बघतात, आणि तेवढ्या भागात गुरं घालू नका म्हणून गावाला सांगायला जातात.