उन्हाळा आणि आमचा गोठा



वैशाखात दूध आटले की आम्ही पेंडीला बोल लावतो. खरे कारण गाईच्या पोटात असते. वैरण आंबताना तेथे उष्णता उत्पन्न होते. ती बाहेरच्या उन्हामुळे निघून जाईना, की गाय खाणेच कमी करते. वैरण घटली की दूध व स्निग्धांश दोन्ही उतरतात, आणि ३.५ फॅटच्या खाली दर कसा कापतात हे आमच्या भगिनींस सांगावयास नको.

डांगी, खिलार ऊन पुष्कळ सोसतात, पण दूध बेताचेच. होल्स्टिन संकरित गाईस मात्र सुमारे २५ अंशांपुढेच त्रास होऊ लागतो. कर्ज काढून आणलेली अशी गाय आम्ही तापल्या पत्र्याखाली बांधतो, हे नवलच! तिचा माज मुका जातो, ती गाभण राहत नाही. हा तोटा दुधाहून मोठा.

पत्र्यावर पाचट पसरावे, पाणी सदैव पुढे असावे, वैरण पहाटे व रात्री घालावी. अंगावर पाणी मारावे, परंतु वारा खेळता हवा. कोंदट गोठ्यात नुसत्या पाण्याने दमटपणा वाढून अपायच होतो. गाय तोंड उघडे टाकून धापू लागली, तर पशुवैद्यास तत्काळ बोलवावे, सायंकाळच्या धारेपर्यंत थांबू नये.